स्पुटनिकचा माग

४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा तो आकाशात नेमका कुठे आहे हे सोव्हिएत शास्त्रज्ञांखेरीज जगात कोणालाही सांगता येत नव्हते. मॉस्कोच्या घोषणेत मोजकीच माहिती होती. गोळ्याचा व्यास ५८ सेंटिमीटर, वजन ८३.६ किलोग्रॅम, एका फेरीला १ तास ३५ मिनिटे, कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ६५ अंश, आणि रेडिओ संदेश २०.००५ व ४०.००२ मेगाहर्ट्झवर. प्रक्षेपण कुठून झाले आणि कोणत्या क्षणी झाले, याचा उल्लेख नव्हता. एवढ्या सामग्रीवर कक्षा मांडता येत नाही. फेरीचा दिलेला काळही ढोबळ होता. खरा काळ ९६.२ मिनिटांचा निघाला. फरक जेमतेम सव्वा मिनिटाचा. पण दिवसाला पंधरा फेऱ्या होत असल्याने एकाच दिवसात ही चूक अठरा मिनिटांवर जाते, आणि तेवढ्या वेळात उपग्रह आठ हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. छतावर दुर्बीण घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला अशा आकड्याचा काही उपयोग नसतो.

कक्षा पूर्णपणे सांगायला सहा संख्या लागतात. लंबवर्तुळ किती मोठे आणि किती चपटे हे दोन संख्यांवरून कळते. कक्षेचे प्रतल विषुववृत्ताशी किती कललेले आहे आणि विषुववृत्ताला ते ताऱ्यांच्या संदर्भात कोठे छेदते, हे आणखी दोन संख्या सांगतात. या छेदबिंदूंना भारतीय ज्योतिषगणितात पात म्हणतात. पाचवी संख्या लंबवर्तुळाचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू कोणत्या दिशेला आहे ते सांगते, आणि सहावी एखाद्या ठरावीक क्षणी उपग्रह त्या लंबवर्तुळावर कुठे होता ते. ग्रह आणि धूमकेतूंसाठी हे गणित गणितज्ञ गाउसच्या काळापासून पक्के बसलेले होते. पण धूमकेतू आठवडेच्या आठवडे आकाशात सापडतो. नवा उपग्रह क्षितिजावर उगवून चार-पाच मिनिटांत मावळतो. तो कुठे बघायचा हे कळायला कक्षा हवी, आणि कक्षा काढायला तो आधी दिसायला हवा. उपग्रहयुगाचे पहिले काही आठवडे हा पेच सोडवण्यात गेले, आणि त्यात हौशी निरीक्षकांचा वाटा पुढच्या इतिहासलेखनात मिळाला त्याहून बराच मोठा होता.

प्रक्षेपणाचे तपशील ठाऊक असतील तर पेच अर्धा सुटतो. रॉकेट ज्या ठिकाणाहून उडते ते ठिकाण कक्षेच्या प्रतलात असतेच. त्यामुळे थेट कक्षेत सोडलेल्या उपग्रहाचा कल प्रक्षेपणस्थळाच्या अक्षांशापेक्षा कमी असू शकत नाही, आणि रॉकेट कोणत्या दिशेला वळले ते कळले की कल जवळजवळ निश्चित होतो. उड्डाणाचा क्षण कळला की पृथ्वी त्या वेळी ताऱ्यांच्या संदर्भात किती फिरलेली होती ते कळते, म्हणजेच पाताची जागा कळते. उंचीवरून फेरीचा काळ निघतो. स्पुटनिक कझाकस्तानातील त्युराताम येथून ईशान्येकडे उडाला होता. हे ठिकाण पुढे बैकोनूर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या वेळी ते गुप्त होते. पश्चिमेकडच्या निरीक्षकांना सुरुवात कोऱ्या पाटीवरून करावी लागली.

त्यांची तयारी काहीच नव्हती असे मात्र नाही. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष पाळले जात होते, आणि त्यात उपग्रह सोडण्याचा मनोदय अमेरिका व सोव्हिएत संघ दोघांनीही जाहीर केला होता. अमेरिकेने मिनिट्रॅक नावाची रेडिओ केंद्रांची साखळी उभारली होती, पण ती १०८ मेगाहर्ट्झसाठी आणि अमेरिकेच्या स्वतःच्या, विषुववृत्ताकडे झुकलेल्या कक्षांसाठी आखलेली होती. २० आणि ४० मेगाहर्ट्झचे संदेश ऐकायला तिची यंत्रे घाईघाईने बदलावी लागली.

दुसरी तयारी डोळ्यांवर विसंबून होती. स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी प्रक्षेपणाच्या आधीच एक गोष्ट ओळखली होती. उपग्रहाचा रेडिओ बिघडला किंवा त्याची बॅटरी संपली, तर त्याला शोधणारे कोणीतरी असले पाहिजे. आणि जगभर पुरेल एवढी मनुष्यसंख्या व्यावसायिक वेधशाळांकडे नव्हती. म्हणून त्यांनी ‘ऑपरेशन मूनवॉच’ उभे केले. शिक्षक, गृहिणी, शाळकरी मुले, अभियंते, हौशी खगोलप्रेमी अशा स्वयंसेवकांच्या तुकड्या अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही तयार झाल्या. अनेक सहकाऱ्यांनी या कल्पनेवर शंका घेतली. अप्रशिक्षित लोकांच्या नोंदींवर कक्षागणित उभे राहील हे त्यांना पटत नव्हते. व्हिपल मागे हटले नाहीत.

मूनवॉचची पद्धत तिच्या साधेपणामुळे समजून घेण्यासारखी आहे. उपग्रह कोठून येणार हे ठाऊक नसले, तरी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना तो कधी ना कधी याम्योत्तर वृत्त, म्हणजे माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडणारच. म्हणून निरीक्षक उत्तर-दक्षिण रांगेत बसत. प्रत्येकापुढे सुमारे ५० मिलिमीटर भिंगाची, फक्त साडेपाचपट मोठे दाखवणारी, पण आकाशाचा तब्बल बारा अंशांचा तुकडा एकदम दाखवणारी छोटी दुर्बीण असे. दुर्बिणीपुढे तिरका आरसा लावलेला असल्याने मान वर न करता खाली वाकून आकाश न्याहाळता येई. प्रत्येक दुर्बीण याम्योत्तर वृत्ताच्या एकेका भागावर रोखलेली, शेजाऱ्याच्या भागाला थोडी झाकणारी, आणि रांगेच्या मध्यावर उंच खांबाचा आडवा दांडा याम्योत्तराची खूण म्हणून. ठिपका दांड्यावरून गेला की निरीक्षक ओरडून सांगे. त्याच वेळी रेडिओवरून येणारे वेळेचे ठोके आणि ती हाक एकाच ध्वनिफितीवर नोंदली जात. नंतर फीत ऐकून क्षण ठरवला जाई. दुर्बिणीच्या क्रमांकावरून उंचीचा कोन, फितीवरून वेळ, एवढीच नोंद तारेने किंवा दूरध्वनीने केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील स्मिथसोनियन वेधशाळेकडे जाई.

सोव्हिएत संघानेही अशीच व्यवस्था केली होती. खगोलशास्त्रज्ञ अल्ला मासेविच यांच्या देखरेखीखाली विद्यापीठे आणि वेधशाळांमधून साठाहून अधिक निरीक्षण केंद्रे छोट्या दुर्बिणींसह सज्ज होती. शिवाय ‘रादिओ’ या सोव्हिएत मासिकाने १९५७ च्या उन्हाळ्यातच उपग्रहाची नियोजित वारंवारता छापून हौशी रेडिओचालकांना संच कसा बांधायचा याच्या सूचना दिल्या होत्या. पश्चिमेत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

प्रक्षेपणाच्या रात्री आधी कामी आले ते कान. २० मेगाहर्ट्झची लहर साध्या लघुलहरी संचावर पकडता येत होती, आणि जगभरच्या हौशी रेडिओचालकांनी तो ‘बीप-बीप’ काही तासांतच ऐकला. आवाज कधी सुरू झाला आणि कधी विरला याची नोंद झाली तरी उपग्रह माथ्यावरून साधारण केव्हा गेला ते कळते. पण त्यातून आणखी बरेच काही काढता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी दाखवले. प्रक्षेपणानंतरच्या सोमवारी त्यांनी संदेश ध्वनिफितीवर घ्यायला सुरुवात केली. उपग्रह जवळ येत असताना वारंवारता किंचित वाढलेली, दूर जाताना किंचित घटलेली ऐकू येत होती. हा डॉप्लर परिणाम. सेकंदाला आठ किलोमीटर वेगाच्या उपग्रहासाठी २० मेगाहर्ट्झवर तो जास्तीत जास्त पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो. वारंवारतेची ही उतरती वक्ररेषा मध्ये जिथे सर्वांत तीव्र उतरते तो उपग्रह सर्वांत जवळ असल्याचा क्षण. आणि उतार जितका तीव्र तितके त्या क्षणीचे अंतर कमी. एकाच ठिकाणी बसून, उपग्रह एकदाही न पाहता, त्या वक्ररेषांवरून त्यांनी कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा विचारला. कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा जन्मली.

डोळ्यांना दिसायला वेळ लागला, आणि त्याला कारण होते. उपग्रह स्वतः प्रकाशत नाही. त्याच्यावर ऊन पडलेले आणि खाली निरीक्षकाभोवती अंधार, असे सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतरच्या तास-दोन तासांतच घडते. मध्यरात्री तो पृथ्वीच्या सावलीत असतो. म्हणून कक्षा ठाऊक असूनही एखाद्या गावावरून तो आठवडेच्या आठवडे दिसणार नाही असे होऊ शकते. शिवाय ५८ सेंटिमीटरचा गोळा नुसत्या डोळ्यांच्या अगदी सीमेवरचा, सहाव्या प्रतीच्या आसपासचा. लाखो लोकांनी त्या शरद ऋतूत ‘स्पुटनिक’ म्हणून जो तेजस्वी ठिपका पाहिला, तो बहुतांशी त्याच्या मागोमाग कक्षेत गेलेला, त्याला वर नेणाऱ्या आर-७ रॉकेटचा सुमारे २६ मीटर लांबीचा गाभा होता. मूनवॉचच्या पहिल्या नोंदी ऑस्ट्रेलियातून, सिडनी आणि वूमेरा येथील तुकड्यांकडून, पहिल्या आठवड्यातच आल्या. त्यापाठोपाठ अमेरिकेत न्यू हेवन येथून. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक येथे बर्नार्ड लव्हेल यांच्या नव्याकोऱ्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने १२ ऑक्टोबरला रडारने त्याच रॉकेटचा वेध घेतला.

या नोंदींवरून निरीक्षकांसाठी वेळापत्रक कसे बनवत, हे गणित मुळात अवघड नाही. एका फेरीच्या ९६ मिनिटांत पृथ्वी सुमारे २४ अंश पूर्वेकडे फिरते, म्हणून प्रत्येक पुढची फेरी विषुववृत्ताला २४ अंश पश्चिमेला ओलांडते. एकदा ओलांडण्याची वेळ आणि रेखांश मिळाले की २४-२४ अंश मागे जात दिवसभराच्या फेऱ्या मांडता येतात. मग नकाशावर पारदर्शक कागदावर काढलेला कक्षेचा माग सरकवून आपल्या गावाजवळून कोणती फेरी जाते ते पाहायचे. अडचण पुढे येते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने कक्षेचे प्रतल स्थिर राहत नाही. स्पुटनिकचे पात रोज सुमारे तीन अंश पश्चिमेकडे सरकत होते. त्यात सूर्याची ताऱ्यांमधली रोजची एक अंश चाल मिळवली, तर एखाद्या ठिकाणी पहाटे दिसणारा मार्ग रोज पाव तासाने अलीकडे येतो, आणि काही दिवसांत रात्रीच्या सावलीत हरवतो.

सर्वांत त्रासदायक होती हवा. स्पुटनिकची कक्षा एका टोकाला सुमारे २१५ आणि दुसऱ्या टोकाला साडेनऊशेच्या आतबाहेर किलोमीटर उंचीवर होती. खालच्या टोकाशी विरळ का होईना, वातावरण आहे. तिथल्या घर्षणाने कक्षा आक्रसते आणि फेरीचा काळ घटतो. समजा, काळ रोज दोनच सेकंदांनी घटतो आहे. पहिल्या दिवशी फरक काही सेकंदांचा; पण कमी झालेला काळ पुढच्या प्रत्येक फेरीला लागू होत असल्याने चूक दिवसांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा दिवसांत ती पंचवीस मिनिटांवर जाते. उपग्रह त्याच मार्गावर असतो, पण वेळापत्रकाच्या पंचवीस मिनिटे आधी निघून गेलेला असतो. त्यामुळे जुन्या आकड्यांवर काढलेली भाकिते चटकन शिळी होत, आणि केंब्रिजला ताज्या नोंदींची भूक कायम असे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आयबीएम ७०४ संगणक गणित करत होता, तरी त्याला खाऊ घालणारे होते छतांवर थंडीत वाकून बसलेले लोक. २६ ऑक्टोबरच्या सुमारास स्पुटनिकची बॅटरी संपली. त्यानंतर हवेत ऐकण्यासारखे काही उरले नाही, आणि व्हिपल यांची मूळ शंका खरी ठरली. गोळा ४ जानेवारी १९५८ रोजी वातावरणात शिरून जळाला. रॉकेट त्याआधीच, डिसेंबरच्या सुरुवातीला.

मूनवॉचचे खरे काम अचूक कक्षा काढण्याचे नव्हतेच. त्या नोंदी बेकर-नन कॅमेऱ्यांना दिशा दाखवण्यासाठी होत्या. जेम्स बेकर यांच्या भिंगरचनेचे आणि जोसेफ नन यांच्या यंत्ररचनेचे हे प्रचंड कॅमेरे जगभर बारा ठिकाणी बसवले गेले. न्यू मेक्सिको, पेरू, स्पेन, दक्षिण आफ्रिका, इराण, जपान, हवाई अशा ठिकाणांत भारतातील नैनितालही होते. तेथील राज्य वेधशाळा त्या वेळी वेणू बाप्पू यांच्या नेतृत्वाखाली उभी राहत होती, आणि १९५८ मध्ये मनोरा शिखरावर कॅमेरा आला. हे कॅमेरे उपग्रहाची जागा काही विकलांपर्यंत आणि वेळ सेकंदाच्या हजारांश भागांपर्यंत नोंदवत. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेला, अवघ्या १६ सेंटिमीटर व्यासाचा व्हॅनगार्ड-१ सुद्धा त्यांनी टिपला. पण कॅमेऱ्याचे क्षेत्र आकाशाच्या मानाने लहान. आधी कोणीतरी ‘साधारण इथे, साधारण या वेळी’ म्हणून सांगितल्याशिवाय तो आंधळाच.

भाकीत चुकते, तेव्हा ते किती आणि कोणत्या दिशेने चुकले यात माहिती असते. हे इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डेस्मंड किंग-हील यांनी इतरांपेक्षा लवकर ओळखले. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायका कुत्रीला घेऊन गेलेला स्पुटनिक-२ मोठा आणि तेजस्वी होता आणि एप्रिल १९५८ पर्यंत टिकला. त्याचे पात सरकण्याचा वेग मोजून किंग-हील आणि रॉबिन मर्सन यांनी पृथ्वीचा फुगवटा नव्याने काढला. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय व्यासांमधला फरक आधी मानला होता त्यापेक्षा सुमारे १७० मीटरने कमी निघाला. शतकानुशतकांच्या भूमापनाला जे जमले नव्हते ते काही महिन्यांच्या वेधांनी साधले. दुसरीकडे, फेरीचा काळ ज्या वेगाने घटत होता त्यावरून वरचे वातावरण अपेक्षेपेक्षा बरेच दाट असल्याचे कळले. स्मिथसोनियनचे लुइजी याकिया यांनी या घटीत सूर्याच्या २७ दिवसांच्या फिरण्याशी जुळणारे चढउतार शोधले. सूर्य तापला की वरची हवा फुगते, घर्षण वाढते आणि वेळापत्रक बिघडते. उपग्रहाच्या भाकिताला आजही सर्वांत मोठी मर्यादा हीच आहे.

ब्रिटनमधील स्वयंसेवकांची पद्धत मूनवॉचपेक्षा निराळी आणि अधिक बारकाईची होती. स्लाऊ येथील रेडिओ संशोधन केंद्राकडून आलेली भाकिते हाती घेऊन ते आधीच ठरवत की उपग्रह कोणत्या दोन ताऱ्यांमधून जाईल. द्विनेत्री त्या जागी रोखायची, ठिपका दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर आला की थांबघड्याळ दाबायचे, आणि रेषेचा किती भाग कापून तो गेला याचा अंदाज करायचा. घड्याळ मग दूरध्वनीवरच्या बोलत्या घड्याळाशी पडताळायचे. सरावलेला निरीक्षक अशा रीतीने वेळ दशांश सेकंदापर्यंत आणि जागा अंशाच्या विसाव्या भागापर्यंत सांगू शके. किंग-हील स्वतः अशा वेधांवर वर्षानुवर्षे संशोधन करत राहिले.

मूनवॉचच्या तुकड्यांचे दुसरे काम उपग्रहाचा शेवट पाहण्याचे. १५ मे १९६० रोजी सोडलेला स्पुटनिक-४ खाली येणार, असा अंदाज सप्टेंबर १९६२ मध्ये आला, आणि ५ तारखेच्या पहाटे मिलवॉकीची तुकडी जागी होती. तिने त्याचे जळते तुकडे आकाश ओलांडताना पाहिले. त्याच सकाळी विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक शहराच्या रस्त्यात सुमारे ९ किलोग्रॅमचा धातूचा तुकडा रुतलेला सापडला.

हेच गणित उलट्या दिशेने चालवण्याचे सर्वांत नावाजलेले उदाहरण एका शाळेतले आहे. इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलचे भौतिकीचे शिक्षक जेफ्री पेरी, त्यांचे सहकारी डेरेक स्लेटर आणि त्यांचे विद्यार्थी सोव्हिएत उपग्रहांचे संदेश नियमित ऐकत असत. मार्च १९६६ मधील कॉसमॉस-११२ चा ७२ अंशांचा कल त्यांना खटकला. बैकोनूरहून सुटणारे उपग्रह असे जात नसत. त्यांनी त्याचा जमिनीवरचा माग पहिल्या फेरीच्याही मागे नेला. एक माग म्हणजे एक रेषा, आणि प्रक्षेपणस्थळ त्या रेषेवर कुठेही असू शकते. ऑक्टोबरमध्ये निराळ्या कलाचा कॉसमॉस-१२९ सुटला, त्याचाही माग मागे नेला, आणि दोन रेषा उत्तर रशियात प्लेसेत्स्कजवळ छेदल्या. १९६६ संपण्यापूर्वीच शाळेने ही गोष्ट जगासमोर आणली. सोव्हिएत संघाने त्या प्रक्षेपणकेंद्राची जाहीर कबुली द्यायला १९८० चे दशक उजाडले.

एव्हाना रडारच्या जाळ्यांनी डोळ्यांचे बरेच काम घेतले होते. अमेरिकी लष्कराच्या यादीत प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळू लागला. त्या यादीत पहिला क्रमांक स्पुटनिकला नाही, त्याच्या रॉकेटला आहे, स्पुटनिक दुसरा. कक्षेच्या सहा संख्या, घर्षणाचा अंदाज आणि नोंदीची वेळ प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळींत बसवण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्या ओळींवरून पुढची जागा काढण्याची सूत्रे १९८० मध्ये एका अहवालात प्रसिद्ध झाल्यावर घरच्या संगणकावर भाकीत करणे कोणालाही शक्य झाले. मूनवॉच १९७५ मध्ये बंद झाले होते.

तरीही नव्या उपग्रहाचे पहिले काही तास रडारच्या दोन ओळींविनाच जातात. त्या वेळी हौशी निरीक्षक प्रक्षेपणस्थळ, नियोजित कल, उड्डाणाची वेळ आणि आधीच्या तशाच मोहिमांची उंची यांवरून तात्पुरत्या संख्या बांधतात. उड्डाण पुढे ढकलले गेले की जितकी मिनिटे उशीर, तितकी पृथ्वी फिरलेली. तेवढाच पात सरकवायचा. या अंदाजातली चूक बहुतेक वेळेची असते, वाटेची नव्हे. म्हणून अनुभवी निरीक्षक सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी जागेवर येतो आणि बराच नंतर उठतो. ज्या लष्करी उपग्रहांच्या कक्षा जाहीर होत नाहीत त्यांच्या बाबतीत तर सगळा भार याच पद्धतीवर असतो. प्रतल अंदाजे ठाऊक असते, उपग्रह त्यात कुठे आहे ते नसते. द्विनेत्री किंवा कॅमेरा त्या प्रतलातल्या एका बिंदूवर रोखून तासन्‌तास वाट पाहिली जाते. एक ठिपका मिळाला की वर्तुळाकार कक्षा गृहीत धरून पुढच्या फेरीची वेळ काढतात, ती दुसऱ्या देशातल्या निरीक्षकाला कळवतात, आणि दोन-तीन रात्रींच्या नोंदींनंतर पूर्ण कक्षा हाती येते.